आधी फाइल उघडून बघा, मग मशीन घ्या

कराडच्या एका तरुण व्हिडिओग्राफरचा प्रश्न आहे. काकांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आता तो सांभाळणार आहे. कॅमेरे दोन, दोन्ही कॅनन आर६ मार्क २. मिक्सिंग मात्र अजून काकांच्या दहा वर्षं जुन्या मशीनवर, एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि नव्या कॅमेऱ्याच्या फाइली त्यावर अडखळतात. हातात दीड लाख रुपये आहेत. मॅक घ्यावा की असेंबल पीसी? एडिटिंगला प्रीमियर शिकावं की दा विंची? ग्राफिक कार्ड किती मोठं लागेल? शेवटी त्याने लिहिलंय, 'आणि मराठी टायटल तुटणार नाहीत ना?'

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून बरं वाटलं. तो सहसा कोणी विचारत नाही, पहिल्या लग्नाची टायटल बिघडली की मग आठवतो. त्यावर पुढे येतोच.

मी पुण्यात २००३ पासून हे काम करतोय. तेव्हा मिनी-डीव्हीची टेप असायची. तासभराची टेप कॉम्प्युटरवर उतरवायला बरोबर तासच लागायचा आणि तिची फाइल व्हायची १३ जीबीची. तुमचा कॅमेरा लॉगमध्ये (म्हणजे नंतर रंग सुधारता यावेत म्हणून चित्र फिकट नोंदवायच्या पद्धतीत) ४के २५ फ्रेमला सेकंदाला साधारण १७० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला सुमारे ७६ जीबी. पण आकार ही खरी अडचण नाहीच. ती फाइल ज्या पद्धतीने दाबून भरलेली असते, तिथे घोडं पेंड खातं. म्हणून माझा सल्ला उलट्या टोकाने सुरू होतो. दुकानात जाऊन 'एडिटिंगसाठी चांगलं मशीन दाखवा' म्हणू नका. तुमच्या कॅमेऱ्यातली दहा-पंधरा सेकंदांची खरी क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि 'ही चालवून दाखवा' म्हणा.

त्या क्लिपमध्ये काय असतं ते सांगतो. सी-लॉग, म्हणजे कॅननचा लॉग, चालू केला की तुमचा कॅमेरा एच.२६५ या दाबून भरायच्या पद्धतीत, १० बिट (८ बिटपेक्षा रंगांच्या जास्त छटा), ४:२:२ असं रेकॉर्ड करतो. ४:२:२ म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची आणि रंगाची माहिती आडव्या ओळीत दोन पिक्सेलांत मिळून एक. मोबाइल आणि साधे कॅमेरे ४:२:० लिहितात, त्यात रंग याच्याही निम्मा. एच.२६५ मध्ये शिवाय प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नसते. बहुतेक फ्रेम 'आधीच्यात एवढा फरक करा' एवढंच सांगतात. त्यामुळे टाइमलाइनवर तुम्ही बोट मागे ओढलंत की कॉम्प्युटरला मागची अख्खी साखळी उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरने नुसत्या ताकदीवर करायचं तर तो धापा टाकतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो, आणि तो कोणत्या चिपमध्ये ४:२:२ ओळखतो यावर तुमचा सगळा सौदा अवलंबून आहे.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत, आतल्या ग्राफिक्ससह, एच.२६५ चं १० बिट ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतं. ॲपलच्या एम१ पासूनच्या सगळ्या चिपांत उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत उलगडत नव्हतं. म्हणजे कोणी तुम्हाला त्याआधीच्या मालिकेतलं महागडं आरटीएक्स ४०९० जरी फुकट दिलं, तरी तुमची ही क्लिप त्या कार्डाला परकीच. लोक लाखाचं कार्ड घालतात, क्लिप अडकतच राहते, आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

आता दुकानातली एक गंमत. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं. तो थोडा स्वस्त मिळतो. दुकानदार म्हणतो, 'कार्ड तर घेताय ना साहेब, मग आतलं कशाला?' गेमिंगवाल्याला हे अगदी बरोबर आहे. तुम्हाला मात्र दोन हजार वाचवण्यापायी नेमका तोच भाग गमवावा लागतो ज्यासाठी इंटेल घ्यायचा. मी स्वतः एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असाच 'एफ' घेऊन आलोय. बिलावर ते अक्षर होतं, मीच वाचलं नाही. महिनाभर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला, बनवत बसलो आणि मग प्रोसेसर बदलला.

म्हणून असेंबल करायचा तर साधा आय५-१४५०० घ्या. त्यात यूएचडी ७७० ग्राफिक्स आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर व्हायचे. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती, दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे जोडणी झाल्याबरोबर, विंडोज टाकायच्याही आधी, दुकानातच बायॉस अपडेट करून घ्या. एएमडीचा रायझन प्रोसेसर आवडत असेल तर त्याच्यासोबत इंटेलचंच आर्क कार्ड लावता येतं, तेही ४:२:२ उलगडतं. बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे. कार्डाच्या बाबतीत मी वेगापेक्षा मेमरी बघतो. दा विंचीत ४के टाइमलाइनवर नॉइज, म्हणजे कमी उजेडात चित्रावर येणारे दाणे, काढायला घेतलंत की ८ जीबीचं कार्ड 'मेमरी भरली' म्हणून हात वर करतं. हळदीचे शूट संध्याकाळी मांडवाच्या पिवळ्या बल्बखाली होतात, त्यामुळे नॉइज काढायची वेळ तुमच्यावर येणारच.

पण आता मला काय वाटतं ते सांगतो, कारण दोन्ही बाजू तोलून दाखवून मी बाजूला झालो तर तुमचा प्रश्न तिथेच राहील. दीड लाखात, तुमच्या कामाला, मी एम४ चा मॅक मिनी घेईन. मी मॅकभक्त नाही. माझ्या दोन मशीनपैकी एक विंडोजच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा मिनी ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवणुकीसह. तुमच्या फाइली त्यावर मुळातच अडत नाहीत आणि उरलेले नव्वद हजार त्या गोष्टींवर घालता येतात ज्यांच्याकडे कोणी बघत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे असेंबलचं गणित आणखी बिघडलंय. मिनीचा दोष असा की रॅम नंतर वाढवता येत नाही, आज घ्याल ती कायमची. २४ जीबीची आवृत्ती झेपली तर उत्तम. साठवणूक मात्र ॲपलकडून वाढवून घेऊ नका. २५६ चे ५१२ करायला त्यांनी २०,००० रुपये लावले होते. तेवढ्यात बाहेरची एसएसडी कितीतरी मोठी येते आणि थंडरबोल्टला लावली की एडिटिंगला पुरते.

असेंबल कधी घ्यावा? थ्रीडी करणार असाल, ब्लेंडर शिकणार असाल, किंवा गावात मशीन उघडून दुरुस्त करणारा माणूस हाताशी हवा असेल तर. हे शेवटचं कारण लोक हसण्यावारी नेतात, पण ऐन लग्नसराईत एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) गेला तर कराडात तासाभरात बदलून मिळतो. मिनी बिघडला तर तो सर्व्हिस सेंटरला पाठवायचा आणि वाट बघायची. लॅपटॉपचा विचार असेल तर एवढंच म्हणेन, गेमिंग लॅपटॉप प्लग काढला की निम्म्यावर येतात आणि मे महिन्यात मंगल कार्यालयातल्या गच्चीखालच्या खोलीत त्यांच्यावर चहा ठेवता येतो.

आता वाचलेले पैसे. कागदावर हिशोब करा. दोन कॅमेरे, दोन दिवस, प्रत्येक कॅमेऱ्याचं दिवसाला चार तास रेकॉर्डिंग. सोळा तास गुणिले ७६, म्हणजे सव्वा टीबीच्या आसपास, एका लग्नाचे. सीझनला पंधरा लग्नं धरली तरी किती झालं बघा. म्हणून सगळंच लॉगमध्ये शूट करू नका, हा माझा आग्रह. सप्तपदी, सूनमुख, आहेर हे तासन् तास चालणारे विधी साध्या ८ बिटमध्ये घ्या. तिथे लाइट बदलत नाही, रंगाशी खेळायचं नसतं, आणि ती फाइल काकांच्या मशीनलाही कमी जड जाईल. नवरा-नवरीचं संध्याकाळचं शूट, नवरीची एंट्री, विदाई, एवढंच लॉगमध्ये. जाता जाता, कॅमेरा पाल (PAL) मोडला ठेवून २५ किंवा ५० फ्रेमच वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० ला शूट केलंत तर कार्यालयातल्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी पट्ट्या लपलपतात आणि ते नंतर काढता काढता जीव जातो.

दोन टीबीची एक चांगली एनव्हीएमई एसएसडी बाहेरच्या डबीत घालून कामासाठी घ्या. स्वस्त एसएसडीला फसू नका. पहिले काही जीबी ती सुसाट घेते, मग आतला राखीव कप्पा भरला की वेग हार्ड डिस्कएवढा पडतो, आणि एका लग्नाचा डेटा ओतताना तो कप्पा हमखास भरतो. त्याखेरीज साध्या मोठ्या हार्ड डिस्क दोन, वेगवेगळ्या. एक स्टुडिओत, एक घरी. दुसरी त्याच टेबलावर ठेवणार असाल तर घेऊच नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ साली एका हळदीचं शूट माझ्याकडे एकाच पोर्टेबल डिस्कवर होतं. कार्ड दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी रिकामी केली होती. डिस्क टेबलावरून पडली, दोन फूटही उंची नसेल. रिकव्हरीवाल्याने बघून मान हलवली. शेवटी फोटोग्राफरकडून साठ-सत्तर फोटो मागून आणले, पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपांचा आवाज काढून त्याखाली घातला आणि चार मिनिटांचं काहीतरी जोडून दिलं. पैसे परत केले. नवरीच्या वडिलांनी ते चार मिनिटं दोनदा बघितलं आणि विचारलं, 'बाकीचं पुढच्या सीडीत आहे का?' तेव्हापासून दोन प्रती झाल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट करत नाही, कार्डं जास्तीची घेतो.

यूपीएसवर पैसे घाला. मिनी फार कमी वीज ओढतो, लहान यूपीएस त्याला आणि मॉनिटरला सहज पुरतो. असेंबल घेतलात तर प्युअर साइन वेव्हचा बघा, कारण चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या ठोकळेबाज लाटेवर लाइट गेल्याच्या क्षणी बंद पडतात, म्हणजे यूपीएस असून नसल्यासारखा. मॉनिटर आयपीएस आणि पूर्ण एसआरजीबी दाखवणारा असला की झालं. खोक्यावर एचडीआर लिहिलंय म्हणून पाच हजार जास्त देऊ नका. लग्नाचा व्हिडिओ शेवटी सगळे मोबाइलवरच बघतात, तेव्हा ग्रेडिंग, म्हणजे रंग जुळवणं, झालं की एक साधा अँड्रॉइड आणि एक आयफोन, दोन्हींवर एकदा बघून घ्या. मॅकवर क्विकटाइममध्ये रंग जरा फिके दिसतात. ते बघून घाबरून काँट्रास्ट वाढवू नका, नवशिके हेच करतात आणि मग इतर सगळीकडे नवरीचे केस काळ्या डागासारखे दिसतात.

सॉफ्टवेअरवर मी कमी बोलणार, कारण माझ्या अनुभवात ते सगळ्यांत सहज बदलता येतं. तुम्ही दा विंची रिझॉल्व शिका. फुकट आवृत्तीत ४के ६० फ्रेमपर्यंत काम होतं. नॉइज काढायचं चांगलं साधन आणि चित्रातला माणूस आपोआप वेगळा काढणारं मॅजिक मास्क हवं असेल तर स्टुडिओ आवृत्ती एकदाच २९५ डॉलर देऊन मिळते, दर महिन्याचं भाडं नाही. ॲडोबीने २०१३ मध्ये सगळं भाड्यावर नेलं तेव्हा आमच्या धंद्यातले लोक चिडले होते, मीही. लग्नाचं काम सहा महिने असतं, भाडं बारा महिने. तरीही पुण्या-मुंबईच्या एजन्सीचं काम तुमच्याकडे येणार असेल तर ते प्रीमियरचे प्रोजेक्ट पाठवतील आणि तिथे 'मी दा विंचीत करतो' हे उत्तर चालत नाही. तसं काम येईल त्या महिन्यांपुरतं भाडं भरा. क्रॅक वापरू नका. नीतीचा धडा द्यायला सांगत नाही. क्रॅकबरोबर येणारा व्हायरस एका रात्रीत सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो आणि तुमच्याकडे दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नांचा डेटा असतो. आणि दा विंचीची नवी आवृत्ती आली म्हणून प्रोजेक्ट अर्धवट असताना अपडेट करू नका. नव्यात उघडून सेव्ह केलेलं जुन्यात परत उघडत नाही.

आता मराठी. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवशी एक ओळ टाइप करा: 'श्री विवाह सोहळा, वऱ्हाडी मंडळी, आशीर्वाद, ज्ञानेश्वर, कॅमेरा: ॲड. क्षीरसागर'. 'विवाह' मधली पहिली वेलांटी 'व' च्या उजवीकडे जाऊन बसली, तर ते सॉफ्टवेअर देवनागरी जुळवत नाहीये, अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतंय. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात टेक्स्ट इंजिन बदलावं लागायचं. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्सच्या विभागात 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय आहे, आफ्टर इफेक्ट्समध्येही. हे न बदलता लोक वर्षानुवर्षं 'मराठी सपोर्ट नाही' म्हणत बसतात. दा विंचीत तुमच्या आवृत्तीत ती ओळ नीट आली तर छानच, नाही आली तर डोकं लावत बसू नका. इंकस्केप फुकट आहे, देवनागरी बरोबर जुळवतं. तिथे टायटल करा, पारदर्शक पीएनजी काढा, टाइमलाइनवर टाका.

'वऱ्हाडी' ही खरी परीक्षा. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीचा खास. कीबोर्डवर साधा र आणि हलंत टाइप केलंत तर 'वर्हाडी' होतं, ह वर रफार चढतो. त्यासाठी नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग ह, असं टाइप करावं लागतं. ही चूक मी स्वतः लावलेल्या फ्लेक्सवर, मुख्य कमानीवर, चार फूट उंचीत केलेली आहे. मुलाचे मामा मराठीचे शिक्षक होते.

दुसरी गोष्ट 'ल' आणि 'श' ची. बऱ्याच फाँटांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. मराठी वळणाची रूपं बऱ्याचदा फाँटात असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय पुढे येत नाहीत. पत्रिकेवर 'लग्न' चा ल वेगळा दिसला तर कोणी बोलून दाखवत नाही, पण डोळ्याला खटकतं. एक टाइपचे मुक्त आणि बालू फाँट फुकट आहेत, व्यवसायासाठीही चालतात. टायटलला बालू, खालच्या नावांना मुक्त, एवढ्यावर माझं निम्मं काम होतं.

काकांच्या मशीनवर श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांत केलेली टायटलं असतील. तो मजकूर युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, नाही. मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत, फाँट नसला की नुसता कचरा दिसतो. दरवेळी लागणारी नावं, मंगलाष्टकांची सबटायटलं वगैरे कन्व्हर्टरने एकदाच युनिकोडमध्ये आणा आणि वाचून तपासा. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

पैशांचं एक राहिलं. जीएसटी नोंदणी असेल तर पक्कं बिल घ्या, १८ टक्के क्रेडिट मिळतं. दुकानदार 'बिलाशिवाय कमी करतो' म्हणेल, तेव्हा वॉरंटीही जाते हे लक्षात ठेवा.

काकांचं मशीन विकू नका. त्याचे चार हजारही येणार नाहीत. त्याचं इंटरनेट काढून टाका, विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच आहे. पण मागे टेपचा कॅमेरा जोडायचं फायरवायरचं कार्ड आहे का ते बघा, बहुधा असेल, त्या काळच्या मिक्सिंगच्या मशीनला ते असायचंच. नव्या मॅकला तो पोर्ट नाही आणि मॅकओएसनेही २०२५ च्या आवृत्तीत फायरवायर सोडून दिलं. काकांच्या कपाटात मिनी-डीव्हीच्या टेपा असणार, २००५-०६ च्या लग्नांच्या. त्या घरांना सीडी खराब झाल्याचं आता कळतंय आणि ते फोन करतात. एक टेप, एक तास, पूर्वीसारखाच. टेपचा कॅमेरा चालू स्थितीत आहे का, एवढं काकांना आजच विचारा.